लाल ओढणीवरची काकरी

शकूरची काकरी म्हणजे काय चीज होती, हे बरडवाडीबाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. बरडवाडी म्हणजे उंद्रीच्या वरच्या अंगाला, पठाराच्या कडेवर बसलेलं गाव. सगळी वावरं उताराची. अशा उतारावर बैलाचा खांदा एकीकडे, जू दुसरीकडे आणि हाकणाऱ्याची अक्कल तिसरीकडे जाते. पण शकूरनं पेरणीसाठी काकरी, म्हणजे मातीत रेघ, पाडली की वरच्या धुऱ्यावर, वावराच्या कडेला, उभं राहून एक डोळा मिटायचा आणि खालच्या धुऱ्यापर्यंत नजर सोडून द्यायची. ती मधे कुठे अडकली तर शकूर त्या दिवशीचं जेवण सोडायचा. सोडायची पाळी कधी आली नाही, ही गोष्ट वेगळी.

बीटी कपाशी आली तेव्हापासून तर त्याचा भाव फारच वधारला. बीटीची लागवड चौफुलीची. आधी उताराच्या काकऱ्या पाडायच्या, मग त्यांना छेदत आडव्या, आणि जिथे फुली पडेल तिथे बायांनी एकेक बी टोबायचं. पुढे निंदणीचा डवरा बैल जुंपून उभा-आडवा दोन्हीकडून फिरतो, गवताला लपायला जागा राहत नाही. पण फुली इकडची तिकडे झाली की डवऱ्याखाली गवताच्या ऐवजी झाडच जातं. म्हणून रोहिणी नक्षत्र निघालं की जो तो शकूरच्या दारात. "चाचा, आधी आमचं. चाचा, चार वाजेपर्यंत तरी या." शकूर ओट्यावर बसून दाढी कुरवाळायचा आणि मनातल्या मनात फुगायचा. माणसाला फुगायला काहीतरी लागतंच की हो.

आणि त्याची युक्ती? युक्ती फक्त सरवरीला ठाऊक होती, कारण ती स्वतःच युक्ती होती. लग्न होऊन ती या गावात आली, त्या साली शकूरनं तिला खालच्या धुऱ्यावर उभं केलं आणि सांगितलं, "हालजो नको." तिच्या डोक्यावर लाल ओढणी होती. शकूरनं वरून दोन बैलांच्या मधून त्या लाल ठिपक्यावर नजर धरली आणि बैल हाकले. काकरी सरळ तिच्या पायाशी जाऊन थांबली. तेव्हापासून पस्तीस वर्षं असंच चाललेलं. एक काकरी झाली की सरवरी दोन पावलं सरकायची, पुन्हा उभी राहायची. ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरायला लागे आणि वरून बघताना तो लाल ठिपका जमिनीपासून सुटून अधांतरी तरंगतोय असं वाटे. शकूरला तेव्हा गुंगी यायची. पाय चालत, हात धरत, आणि तो मात्र त्या ठिपक्याकडे खेचला जातोय, बैल नाहीत, वावर नाही, उतार नाही. ते त्याचं सगळ्यात मोठं सुख होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय, की म्हातारपणी बायकोकडे बघत चालायला बरं वाटतं?

पण चार-पाच वर्षं झाली, वावर रुसलं होतं. शकूरचं वावर सगळ्यात वर, पठाराच्या डोक्यावर. बाप होता तेव्हा तिथे गुडघाभर माती होती. आता वखर घातला की वीतभर गेला न गेला तोच मुरुमाला लागे आणि लोखंडी पास कराकरा वाजे. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, मांडीला लागायच्या आत म्हातारी होई. खताचं पोतं वाढवून पाहिलं, बियाण्याचं पाकीट बदलून पाहिलं. दर साली पाकिटावरची बोंडं मोठी होत गेली आणि वावरातली लहान. जालन्याला कारखान्यात लागलेला मुलगा अनस फोनवर म्हणायचा, "अब्बा, त्या गोट्यात काय ठेवलं? या साली पिकलं तं ठीक, नाई तं इकून टाका, इकडं या." शकूर फोन कानापासून लांब धरायचा. या साली पिकलं तर. त्या 'तर'मध्ये त्याचा जीव अडकला होता. जालन्यात काकरी पाडायला कोण बोलावणार?

मे महिन्यात पाणलोटाच्या कामावर इरा मॅडम आली. बुलढाण्याच्या मास्तराची मुलगी, डोक्याला रुमाल, पायात बूट, आणि हातात एक लांबच लांब पारदर्शक नळी. नळीत पाणी भरलेलं. नळीचं एक टोक एका काठीला, दुसरं दुसऱ्या काठीला. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच खुणेला आलं की ती म्हणायची, "इथे," आणि सरवरी तिथे चुन्याची फक्की टाकायची. सरवरीला मॅडमनं पहिल्याच दिवशी हाताशी धरलं होतं. अशी फक्की पडत पडत संध्याकाळी शकूरच्या वावरातून एक पांढरी रेघ गेली. पोट काढून, वळून, परत आत येऊन, एखाद्या पेंगुळलेल्या माणसानं चालावं तशी.

"हे काय?" शकूर म्हणाला.

"ही समतल रेषा, चाचा," इरा म्हणाली. "या रेषेवर सगळीकडे उंची सारखी. इथे पाणी ना इकडे धावणार, ना तिकडे. या रेघांवर आपण बांध घालू, गावातली माणसं येतील कामाला. पण पेरणीही याच रेघेनं झाली पाहिजे. उताराच्या काकऱ्या राहिल्या तर त्या बांध फोडतात. तुमचं वावर सगळ्यात वर आहे. सुरुवात तुमच्यापासूनच."

"म्हंजे मी वाकडी काकरी पाडू?"

"हो."

"मी?"

सरवरी तोंडाला पदर लावून हसली. शकूरला ते दिसलं आणि जास्त झोंबलं. "बाई, तू पोरीसारखी हायेस म्हनून ऐकून घेतलं. बांध घाला, गोटे रचा, काई बी करा. पन माया हातानं वाकडी काकरी पडनार नाई. लोक थुकतील तोंडावर."

 इरानं नळी गुंडाळली. नळीतलं पाणी तिच्या खांद्यावर बसून इकडून तिकडे डुलत होतं. "बघा चाचा," ती जाताना म्हणाली, "मिरग निघायला बारा दिवस आहेत."

दुसऱ्याच दिवशी शकूरनं कडूबाचं वावर आखलं. कडूबा म्हणजे गावातला तरणा, हसरा गडी. चार एकर उताराचं वावर आणि त्यावर आठ तोंडं. जणू मॅडमला दाखवायचं म्हणूनच शकूरनं त्या दिवशी जान ओतली. सरवरी खाली लाल ओढणी घेऊन उभी, ऊन मी म्हणणारं, आणि काकऱ्या अशा पडल्या की कडूबानं धुऱ्यावर आडवा होऊन, गाल मातीला लावून पाहिलं. "चाचा, इथून पानी सोडलं तं सरळ माया घरात येते!" तो म्हणाला, आणि दोघं हसले. तेव्हा हसू आलं होतं.

तीन दिवसांनी शकूर खालच्या अंगाला तुळशीरामच्या वावरात गेला. तुळशीराम त्याचा शेजारी. शकूरचा उतार जिथे संपतो तिथे त्याचा सपाट तुकडा सुरू होतो. वयानं दोघे सारखे, एकाच वर्षी शाळा सोडलेले. तुळशीराम तारेच्या कुंपणासाठी खड्डा खोदत होता आणि कमरेपर्यंत आत उतरला होता.

"या शकूरभाऊ, बसा. सब्बल धरा जराशी, हात भरून आले."

शकूर खड्ड्यात उतरला. पहिल्या घावालाच ती पहार हातभर आत गेली. लोण्यात जावी तशी. शकूरच्या खांद्याला सवय मुरुमाची, तो तोल जाऊन पुढेच पडला. तुळशीराम हसला. शकूर मात्र तसाच वाकून राहिला. खड्ड्याच्या भिंतीत, जवळजवळ कमरेइतक्या उंचीपर्यंत, काळी भुसभुशीत माती होती. फक्त वर वीतभर मुरुमाची खडी. आणि काळ्या मातीत मधे मधे लाल लाल काहीतरी. त्यानं नखानं उकरलं. कवेलूचा, छपरावरच्या कौलाचा, तुकडा. आणखी एक. आणखी एक.

त्याच्या बापाची वावरात कौलारू खोपडी होती, वर, पठाराच्या डोक्यावर. ती पडली तेव्हा कवेलू तिथेच विखुरले होते. दुसऱ्या कुणाच्या वावरात कवेलू नव्हते.

"तुळशीराम," शकूर म्हणाला, "हे माये कवेलू हायेत."

तुळशीरामनं टोपी काढली, घाम पुसला, परत घातली. "माती बी तुयीच हाय. मले माईत हाय भाऊ. पयले पयले लय मजा वाटे. तुया वावरातली मलई माया ताटात. पऱ्हाटी डोक्याइतकी होये. सांगाची लाज वाटे म्हनून सांगतलं नाई. आता दोन साल झाले, माती सरली तुयी. आता निस्ते गोटे येऊन राह्यले. मागच्या साली अर्धा एकर रोपटे खडीखाली गेले माये."

"पन आली कशी इतकी?"

"कशी म्हंजे? तुया काकरीतून." तुळशीराम अजून थट्टेच्याच सुरात होता, त्याला काय ठाऊक आपण काय बोलतोय. "सरळ आली ना बिचारी. रस्त्यात कोठीच अडकली नाई."

शकूर खड्ड्यातून वर आला. तुळशीरामनं चहासाठी थांबवलं, तो थांबला नाही. उतार चढताना त्याला धाप लागली. अर्ध्यात थांबून त्यानं वळून पाहिलं. खाली बरडवाडीची सगळी वावरं पसरली होती, आणि प्रत्येक वावरात गेल्या सालच्या उताराच्या काकऱ्या अजून पुसट दिसत होत्या. कडूबाच्या तर ताज्या. सगळ्या सरळ. सगळ्या खाली नाल्याकडे निघालेल्या. एकेक काकरी त्याच्या हातची होती. त्याला रडू आलं. इतक्या मोठ्या माणसाला भर दुपारी, उघड्यावर.

घरी आला तो जेवला नाही. निंबाखाली बाजेवर आडवा झाला. दुपारची वेळ. कुठेतरी होला घुमत होता, आणि ऊन पानांतून गळून त्याच्या पोटावर हलत होतं. डोळा कधी लागला कळलं नाही.

त्याला वावर दिसलं. वावरातली माती उठून चालली होती. भांडण नाही, तंटा नाही. बाजार उठल्यावर बायामाणसं डोक्यावर गाठोडी घेऊन निघतात तशी चालली होती, उताराच्या काकऱ्यांतून, एकामागे एक. त्यात त्याचा बाप होता. बापाच्या डोक्यावर कवेलूची टोपली. "अब्बा, कोठी चालले?" शकूरनं विचारलं. बाप थांबला नाही. "बेटा, तूच तं रस्ता काढून देल्ला," तो इतकंच म्हणाला, तेही रागानं नाही. खाली सरवरी लाल ओढणी घेऊन उभी होती आणि सगळे तिच्या बाजूनं निघून जात होते. ती हात पसरून त्यांना थांबवत होती. पण शकूरनं तिला हालू नको म्हणून सांगितलेलं, मग ती एका जागेवरून किती जणांना थांबवणार?

जागा झाला तेव्हा सरवरी बाजेपाशी बसून तूर निवडत होती.

"अजी, झोपेत काय बोलत होते?"

शकूर बाजेवर उठून बसला. मग म्हणाला, "आपल्या वावराले लाल ओढणी नको घेऊ या साली."

"मंग मी उभी कोठी राहू?"

"उभं नाई राहाचं. चालाचं. त्या पोरीनं टाकलेली फक्की वाऱ्यानं पुसली असंल. तू पुन्ना टाकत चाल, मी तुया मागून येतो."

सरवरीचे हात सुपातच थांबले. "चौफुली नाई व्हनार. उभा डवरा नाई फिरनार मंग."

"नाई फिरनार."

"म्हंजे दोन झाडांमधलं सारं गवत हातानं."

"हाव."

तिनं खडा उचलून अंगणात फेकला. "निंदाले मीच बसीन ना. दुसरं कोन हाय घरात?" ती म्हणाली, आणि पुन्हा तूर निवडायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "पस्तीस वर्सं एका जागी उभी केली मले. चालाले मिळते हेच लय झालं."

आठ-दहा दिवसांत गावातल्या बायामाणसांनी इराच्या रेघांवर मातीचे बांध घातले, कमरेइतके नाही, गुडघ्याइतकेच. मग पेरणीआधीची आखणी. शकूर लाख्या आणि मोऱ्या या बैलांना घेऊन वर गेला तेव्हा धुऱ्यावर निम्मं गाव जमलं होतं. तमाशाला पाल लागतं, याला तेही लागलं नाही. सरवरी चुन्याचं घमेलं कमरेवर घेऊन बांधाच्या कडेनं निघाली आणि शकूरनं बैल तिच्या मागे घातले.

पहिल्याच वळणावर बैल अडले. त्यांना बिचाऱ्यांना आयुष्यभर सरळच ठाऊक. लाख्या मान वर करून धन्याकडे बघायला लागला. धुऱ्यावरून कडूबा ओरडला, "चाचा, चकवा लागला काय हो? हनुमानाचं नाव घेऊ की तुमच्या पिराचं?" बाया फिस्सकन हसल्या. शकूरच्या कानशिलाला आग लागली. हात सोडून घरी निघून जावं, असं त्याला खरोखर वाटलं. आणि आणखी एक वाटलं: कडूबाला हाक मारून सांगावं, बाप्पा, तुयं वावर मोड, मी पुन्हा आखून देतो. पण इतक्या लोकांसमोर जीभ उचलली नाही. आपणच पाडलेली काकरी चुकीची होती, हे तोंडानं म्हणायचं म्हणजे भरल्या चावडीत पागोटं उतरवणं. त्या दिवशी तो गप्प राहिला. पुढेही राहिला. कडूबानं त्याच काकऱ्यांवर बी टोबलं.

"हां मोऱ्या," शकूर हळूच म्हणाला. "तिच्या मागून चाल."

बैल चालले. आता नजर टाकायला लांबवर काही नव्हतं. टोक दिसत नव्हतं. चार पावलांवर सरवरीची पाठ, तिचा डुलणारा हात, हातातून झरणारा पांढरा चुना, आणि तिच्या टाचा. त्या टाचांना भेगा होत्या. पस्तीस वर्षं तिला वरून बघितली, पण टाचा कधी दिसल्याच नव्हत्या. वळण आलं की ती वळे, तो वळे. बांधाच्या पोटात शिरताना सावली मागून पुढे येई. हळूहळू धुऱ्यावरचं हसणं ऐकू येईनासं झालं. पुन्हा ती गुंगी आली; पण ही वेगळी, खेचणारी नाही, हात धरून नेणारी. काकरी संपली तेव्हा आपण वावराच्या कोणत्या कोपऱ्यात आलो हेही त्याला क्षणभर उमजेना.

आषाढात एक दिवस दुपारी अंधारून आलं. पऱ्हाटी तेव्हा वीतभर होती, चार-सहा पानांची. आधीचे पाऊस रिमझिम झाले होते, हा तसा नव्हता. शकूर आणि सरवरी वावरातच होते. तिनं गोणपाटाची खोळ घेतली, खोळीखाली लाल ओढणी डोक्याला घट्ट बांधली. ओढणी या साली तशीही बिनकामाची झाली होती. पाऊस कोसळायला लागला तसं उंद्रीकडचं सगळं पांढरं झालं, मग तुळशीरामचं वावर गेलं, मग समोरचा पळसही गेला.

शकूर पहिल्या बांधापाशी उकिडवा बसला. पाणी काकऱ्यांत भरत होतं. भरत होतं आणि कुठेच जात नव्हतं. आयुष्यभर त्यानं पाण्याला धावताना पाहिलेलं; हे नुसतं उभं होतं, थेंबांनी थरथरत, रानातल्या तळ्यासारखं. एकेक काकरी म्हणजे एकेक लांब वळणदार तळं.

"अजी, इकडे!" सरवरी ओरडली.

मधल्या बांधाच्या पोटात एके जागी पाणी वर चढलं होतं आणि बोटभर रुंद धार पलीकडे निघाली होती. पाहता पाहता ती हातभर झाली. शकूर धावला, घसरला, पुन्हा उठला. गोटा टाकला तर गोटा गेला. मग तो सरळ त्या खिंडारात पाठ लावून बसला. सरवरीनं डोक्यावरची खोळ काढली, ओंजळी ओंजळीनं चिखल त्यात भरला आणि त्याच्या कमरेपाशी रोवली, त्यावर गोटे. थंड पाणी त्याच्या मानेवरून आत शिरत होतं. "या अल्लाह, या साली नको," तो पुटपुटत होता. "या एका साली नको नेऊ." किती वेळ गेला कुणास ठाऊक. पाऊस ओसरला तेव्हा त्याचं कंबरडं आखडून गेलं होतं, आणि सरवरीनं दोन्ही हात धरून त्याला ओढून काढलं.

बांध जागेवर होता. बांधाच्या पोटात, पाणी जिरत गेलं तसा, काळ्या गाळाचा पातळसा थर उघडा पडला. शकूरनं त्यात बोट घातलं. बोटाचं पहिलं पेर बुडालं, एवढाच. पण तो त्याच्या वावरातला गाळ होता आणि त्याच्याच वावरात होता. खालून तुळशीरामची हाक आली, "शकूरभाऊ! आज काई नाई आलं रे तुया घरून!" शकूर हसला, आणि हसता हसताच त्याला कडूबा आठवला.

तो तसाच ओल्या कपड्यांनी निघाला.

कडूबाच्या वावरात आता काकऱ्या नव्हत्या. प्रत्येक काकरीच्या जागी एक ओघळ होती, वरून खालपर्यंत, वितीवितीची, तळाला पिवळा मुरूम. एका रांगेत, एका अंतरावर, दोरीनं आखल्यासारख्या. ओघळींच्या काठांना उरलेली रोपं मुळं उघडी टाकून कलंडली होती. कडूबा धुऱ्यावर पाय सोडून बसला होता. हसरा गडी, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. शकूरला पाहून तो उठून उभा राहिला, थोरा माणसाला उठतात तसा.

"पाहा चाचा," तो म्हणाला. "काय पाऊस होता हो."

शकूर पुढे आला. "कडूबा, मी…"

"तुमचा काय दोष त्याच्यात? काकरी तं सरळच होती."

चार गावांचे पंच बसले असते आणि त्यांनी जोडे मारले असते तर शकूरला इतकं लागलं नसतं. तो ओघळीच्या काठाशी बसला. "मले माईत होतं रे," तो म्हणाला. "तुयी काकरी पाडली त्याच्या तिसऱ्या दिवशी समजलं मले. माया वावराची सारी माती तुळशीरामच्या खड्ड्यात पाह्यली म्या. तुले सांगाले तोंड उघडलं नाई. लोक काय म्हनतील म्हनून. गावभर म्याच रस्ते काढून देल्ले पान्याले."

कडूबानं ओघळीतला एक खडा उचलून पलीकडे टाकला. राग आला असेल, आला नसेल. गावात असल्या गोष्टींचा हिशोब लगेच लागत नाही. शेवटी तो म्हणाला, "मंग आता काय करता चाचा? बी तं एकदाच टोबलं."

"अर्धे रोपं हायेत ना उभे?"

"अर्धे हायेत."

"परवा वाफसा येईन. मी येतो."

तिसऱ्या दिवशी वाफसा आला, माती औत चालण्याइतकी सुकली, आणि आकाश पुन्हा भरायला लागलं होतं. शकूर बैल आणि डवरा घेऊन कडूबाच्या वावरात उतरला, मागून सरवरी, विळा आणि पाण्याची कळशी घेऊन. चौफुली होती म्हणून एक बरं होतं: डवरा आडवाही चालत होता. इरा मॅडमनं सांगितलं होतं, डवऱ्याला दोरी गुंडाळा, म्हणजे तो माती दोन्हीकडे लोटतो आणि दोन ओळींमधे सरी पडते. त्या सऱ्या उताराला आडव्या असल्या की पाणी थबकतं. कडूबानं दोरी आणली. शकूरनं गुंडाळली. चार पावलं हाकून मागे वळून पाहिलं तर सरी कसली, नुसता ओरखडा.

"दोरी बारीक हाय," शकूर म्हणाला. "याच्यावरून पानी उडी मारून जाईन."

पश्चिमेला गडगडलं. कडूबा पोतं आणायला घराकडे पळायच्या बेतात होता. तेवढ्यात सरवरीनं डोक्याची लाल ओढणी सोडली, चौघडी केली, पिळली, आणि बसून ती दोरीवरून डवऱ्याला घट्ट गुंडाळायला लागली.

"अव, तुयी ओढणी," शकूर म्हणाला.

"मंग?"

"पस्तीस वर्सं सांभाळली तू."

"म्या नाई, तुमीच सांभाळली. मले तं उन्हात उभं राहून राहून चक्कर ये." तिनं दातांनी गाठ ओढली. "आता काम करू द्या तिले बी. हाका."

शकूरनं डवऱ्यावर भार दिला. लाल कापड मातीत गेलं आणि क्षणात काळं झालं. दोन्ही बाजूंनी माती उचलली गेली, मधे खोल सरी. पहिली ओघळ आली, सरी तिच्यावरून आडवी गेली आणि ओघळीचं तोंड मातीनं बंद झालं. मग दुसरी ओघळ, मग तिसरी. आपणच पाडलेली एकेक काकरी शकूर पुसत चालला होता. कडूबा बाजूनं चालत होता, कलंडलेलं रोप दिसलं की वाकून उभं करत, मुळाशी माती दाबत.

पावसाचा पहिला थेंब शकूरच्या हातावर पडला.

"चाचा," कडूबानं मागून विचारलं, "आता नजर कशावर धरता हो? समोर तं कोनीच नाई उभं."

"पायापाशी," शकूर म्हणाला, आणि बैल हाकले.